एका वर्दीचा मागोवा : मुंबई गोदी, एप्रिल १९४४

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचे जहाज उडाले त्या दुपारी कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकाने दोन हादरे नोंदले, पहिला ४ वाजून ६ मिनिटांनी आणि दुसरा ४ वाजून ३४ मिनिटांनी. त्या दिवसाविषयीच्या साऱ्या पुराव्यांत मला ही नोंद सर्वांत भरवशाची वाटते. काही वृत्तांतांत पहिल्या स्फोटाची वेळ ४ वाजून ७ मिनिटे अशी येते, आणि माणसांच्या आठवणींत ती आणखी मागेपुढे होते. यंत्राला मात्र कुणाची बाजू घ्यायची नव्हती.

या वेळा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. युद्धासाठी १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानची प्रमाण वेळ एक तास पुढे नेलेली होती. शिवाय जुना ‘बॉम्बे टाइम’ पाळणारी घड्याळेही शहरात होतीच. गोदीच्या कागदांतल्या वेळा युद्धकाळच्या प्रमाण वेळेतल्या धरल्या, तर पहिला स्फोट झाला तेव्हा मुंबईच्या सूर्याच्या हिशेबाने जेमतेम अडीच वाजत होते. म्हणजे ती कलती दुपार नव्हती, एप्रिलचे भर ऊन होते. सूर्य मावळायला आणखी चार तास होते. कोसळलेल्या शेडखालून माणसे ओढून काढणाऱ्यांना तेवढा वेळ उजेड मिळाला.

या स्फोटाची गोष्ट मुंबईत सांगितली जाते ती बहुधा सोन्याची. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर ३१ पेट्यांमध्ये प्रत्येकी चार अशा १२४ सोन्याच्या विटा होत्या. स्फोटात त्या उडाल्या. त्यांतली एक मैलभर लांब राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली आणि त्याने ती परत केली. पुढे १९७० च्या दशकापर्यंत गोदीतला गाळ उपसताना अधूनमधून विटा हाती लागत राहिल्या. ही गोष्ट खरी आहे आणि सांगायला सोपीही आहे. मला मात्र तिच्याआधीची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दुपारी अग्निशमन दलाला आगीची वर्दी कशी गेली, तिच्यात काय सांगितले गेले आणि काय राहून गेले, हे उरलेल्या कागदांवरून जुळवता येते. वर्दी आणि पहिला स्फोट यांच्यात पावणेदोन तासांच्या आसपास वेळ होता. त्या दिवशी दलाचे ६६ जवान गेले.

सुरुवात जहाजाच्या कागदांपासून करावी लागते. ‘फोर्ट स्टिकीन’ हे ७,१४२ टनांचे मालवाहू जहाज १९४२ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स रूपर्ट इथे बांधले गेले. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची असे करत १२ एप्रिलला मुंबईत पोचले. कप्तान होते अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ. जहाजावर १,३९५ टन दारूगोळा होता : तोफगोळे, टॉर्पेडो, सुरुंग, बॉम्ब. त्यातला २३८ टन माल सर्वांत संवेदनशील, ‘अ’ वर्गातला होता. खोक्यांत बांधलेली बारा स्पिटफायर विमाने होती. कराचीला काही माल उतरवला गेला आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा भरला गेला : कापसाच्या गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, तांदूळ, भंगार लोखंड आणि माशांचे खत. दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवण्याच्या कप्प्यात, तळाला कापूस होता आणि त्याच होल्डच्या वरच्या मजल्यावर दारूगोळा.

ही मांडणी कुणापासून लपलेली नव्हती. माल कुठे रचला आहे याचा आराखडा प्रत्येक मालवाहू जहाजावर असतो आणि माल उतरवणाऱ्यांना तो लागतोच. पुढच्या साऱ्या घटनाक्रमात हे ध्यानात ठेवायला हवे. कुठल्या होल्डमध्ये काय आहे हे कागदावर होते. आग विझवायला धावत आलेल्या माणसाला ते कळायला किती वेळ लागला, हा खरा प्रश्न आहे.

शांततेच्या काळातली पद्धत अशी होती की, स्फोटके घेऊन आलेले जहाज बाहेर बंदरात थांबायचे आणि त्यातला माल लहान पडावांवर उतरवला जायचा. अशा जहाजावर लाल निशाणही लागायचे. युद्धात या दोन्ही गोष्टी सुटल्या. दारूगोळा तातडीने हवा होता आणि धक्के अपुरे पडत होते, म्हणून स्फोटकांची जहाजे थेट गोदीत येऊ लागली. कुठल्या जहाजात काय आहे हे शत्रूच्या हेरांना कळू नये म्हणून लाल निशाणही लावले जाईना. ‘फोर्ट स्टिकीन’ व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबरच्या धक्क्याला लागले. तिथून पलीकडे मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदर ही धान्याच्या वखारींनी आणि दाट वस्तीने भरलेली मुंबई चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारच्या धक्क्यांवर दुसरी जहाजे उभी होती. त्यांच्यावरच्या लोकांना आपल्या शेजाऱ्याच्या पोटात काय आहे याची खूण म्हणून काहीच नव्हते.

धक्क्याला लागल्यावरही दारूगोळा आधी उतरला नाही. १३ तारखेला माशांचे खत निघाले आणि इतर माल निघाला. स्फोटकांसाठीचे पडाव उशिरा आले. १४ तारखेला दुपारी साडेबारा वाजता कामगार जेवायला गेले आणि दीडच्या सुमारास परतले. चौकशीत पुढे आलेली एक बाब इथे येते, आणि ती वाचून मन अस्वस्थ होते. या मधल्या तासाभरात आसपासच्या काही जणांनी ‘फोर्ट स्टिकीन’वरून धूर येताना पाहिला होता. कुणीच वर्दी दिली नाही. त्यांना मी दोष देत नाही. गोदीत धूर रोजचाच, जहाज परके, आणि त्यावर निशाण नाही.

पावणेदोनच्या आसपास परत आलेल्या कामगारांना दोन नंबरच्या होल्डमध्ये धूर दिसला. ते वर आले आणि ओरडा झाला. जहाजावरच्या खलाशांनी आपले पाईप लावले. युद्धकाळात उभारलेल्या साहाय्यक अग्निशमन दलाची एक तुकडी धक्क्यावर तैनात होती. तिनेही पंप सुरू केले. आणि इथे त्या वर्दीचा प्रश्न येतो.

स्फोटके असलेल्या ठिकाणी आग लागली तर नियंत्रण कक्षाला साध्या वर्दीऐवजी ‘नंबर दोन’ असा संदेश द्यायचा, अशी व्यवस्था होती. तो संदेश गेला की दलाला आपण कुठे चाललो आहोत हे कळावे, गाड्या जास्त निघाव्यात आणि वरिष्ठ अधिकारी लगेच यावेत. धक्क्यावरच्या तुकडीच्या प्रमुखाला जहाजात स्फोटके असल्याचे कळताच त्याने आपल्या माणसाला हाच संदेश द्यायला फोनकडे पिटाळले. त्या फोनला आकड्यांची तबकडी नव्हती, म्हणून त्यावरून लगेच नियंत्रण कक्ष लागेना. आग वाढत होती. त्या माणसाने जवळच्या आगीच्या घंटेची काच फोडली. ती घंटा नियंत्रण कक्षात वाजली तेव्हा सव्वादोन होऊन गेले होते. पण घंटेला बोलता येत नव्हते. ती एवढेच सांगत होती की, व्हिक्टोरिया गोदीत आग आहे. गोदीतल्या कुठल्याही आगीला जितक्या गाड्या निघायच्या तितक्या निघाल्या : दोन.

त्या माणसाने काच फोडली हे योग्यच केले, असे माझे मत आहे. समोर धूर आहे, फोन लागत नाही आणि घंटा हाताशी आहे, अशा वेळी दुसरे काय करायचे? कमी पडली ती यंत्रणा. ‘आग लागली’ एवढेच कळवणारे साधन दर काही पावलांवर होते आणि ‘कशाला लागली’ हे कळवणारे साधन एका अपुऱ्या फोनवर अवलंबून होते.

दोन गाड्या पोचल्या. अधिकाऱ्याला धक्क्यावर माहिती मिळाली आणि त्याने लगेच आणखी गाड्या मागवल्या. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले. सैन्याच्या शस्त्रसामग्री विभागाचे अधिकारी कॅप्टन ओबर्स्ट आले. जहाजात काय आहे आणि ते उडाले तर काय होईल, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. गोदीचे प्रमुख अधिकारी कर्नल सॅडलर आले. कप्तान नेस्मिथ तिथे होतेच. तीनच्या सुमारास धक्क्यावर परिस्थितीची जाण असलेली सगळी माणसे जमली होती. पण निर्णय कुणाचा?

मार्ग दोन होते. जहाज ओढून खुल्या समुद्रात न्यायचे, किंवा जागेवरच बुडवायचे. ओढून नेताना ते गोदीच्या तोंडाशी उडाले असते तर सारे बंदर बंद पडले असते, आणि नेणाऱ्यांचा जीवही धोक्यात होता. बुडवायचे तर गोदीत जहाजाच्या तळाखाली पाणी जेमतेम होते. जहाज तळाला टेकले असते, पण आगीच्या जागेपर्यंत पाणी चढले नसते. तिसरी गोष्ट होती ती म्हणजे पाणी मारत राहणे, आणि तीच होत राहिली. पुढे चौकशी आयोगाने नेमके यावरच बोट ठेवले. इतके जबाबदार अधिकारी हजर असताना, सगळ्यांच्या वतीने निर्णय घेऊन तो अमलात आणणारा एकही नव्हता. बंदर एकाचे, जहाज दुसऱ्याचे, दारूगोळा तिसऱ्याचा आणि आग चौथ्याची, असा कारभार होता. कूम्ब्स यांच्याकडे फक्त आग होती. जहाज हलवण्याचा हुकूम ते देऊ शकत नव्हते.

जहाजाच्या डाव्या अंगाला एका जागी बाहेरच्या पत्र्यावरचा रंग फुगू लागला, तेव्हा आतली आग नेमकी कुठे आहे याची पहिली खूण मिळाली. तिथे पत्रा कापून पाणी सरळ आत सोडता आले असते. गॅसने पत्रा कापायचे यंत्र मागवले गेले, पण ते कामी आले नाही. तोवर वरून पाणी ओतणे चालूच होते. एकूण ९०० टनांहून जास्त पाणी जहाजात गेले, असे नोंदींत आहे. होल्डमध्ये धूर एवढा दाटला होता की, ते पाणी आगीवर पडते आहे की नुसतेच तळाला साचते आहे हे वरून दिसत नव्हते.

कापसाच्या गाठीची आग कशी असते हे ठाऊक असले की या ९०० टनांचा अर्थ लागतो. दाबून बांधलेली गाठ भडकत नाही, ती आतल्या आत धुमसत जाते. वरून ओतलेले पाणी तिच्या अंगावरून वाहून जाते आणि आतला निखारा कोरडा राहतो. गाठ फोडून, उलगडून भिजवली तरच ती विझते, आणि धुराने भरलेल्या होल्डच्या तळाशी ते शक्य नव्हते. त्यात कापूस पाण्यावर तरंगतो. पाणी साचत गेले तसतशा जळत्या गाठी वर उचलल्या गेल्या आणि आग वरच्या मजल्यावरच्या दारूगोळ्याच्या दिशेने सरकली. दलाचे जवान मन लावून जे करत होते, त्यानेच आग वर चढत होती. ते कळण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. हातात पाईप धरलेल्या माणसाला मालाच्या मांडणीचा आराखडा कुणी दाखवत नाही.

इथे पुराव्याची एक मर्यादा मला स्पष्ट करायची आहे. या तासाभराचा जो तपशील आपल्याला मिळतो तो वाचलेल्यांच्या साक्षींतून येतो, आणि वाचलेले बहुतेक धक्क्यावर थोडे दूर होते किंवा शेवटच्या मिनिटांत लांब जाऊ शकले होते. म्हणून कागदांत धक्क्यावरची चर्चा आहे : कोण काय म्हणाला, कुणी कुणाला फोन केला, कोण कुठे गेला. डेकवर पाईप धरून होल्डच्या तोंडाशी उभे असलेले काय बघत होते, पायाखालचा पत्रा किती तापला होता, आपसांत ते काय बोलत होते, याची साक्ष द्यायला त्यांतले फार थोडे उरले. तो भाग पुराव्यात नाही, म्हणून कल्पनेने भरून काढायला मी तयार नाही. पण तो नाही हे वाचकाच्या डोळ्यांपुढे असावे. नाहीतर ही सारी घटना चार-पाच अधिकाऱ्यांच्या संभाषणाची गोष्ट होऊन बसते.

साडेतीननंतर धुराचा रंग बदलला आणि होल्डच्या तोंडातून ज्वाळा उठू लागल्या. जहाजातले पाणी उकळत असल्याच्या नोंदी आहेत. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. नेस्मिथ यांनी आपली माणसे उतरवली आणि कुणी मागे राहिले नाही ना हे पाहायला ते पुन्हा जहाजाकडे गेले. त्यांचा देह मिळाला नाही. दलाचे जवान पाणी मारतच राहिले होते. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाजाचे दोन तुकडे झाले.

स्फोटाने बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. धक्क्यावरच्या गाड्या आणि पंप नाहीसे झाले. शेजारचे सुमारे चार हजार टनांचे, सिंदिया कंपनीचे ‘जलपद्म’ जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आदळले. त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे आणि ते पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही. कूम्ब्स जखमी झाले, पण वाचले. त्यांच्या सोबत आलेली बहुतेक तुकडी त्या एका क्षणात गेली. शहराच्या अग्निशमन दलाची त्या वेळी उपलब्ध असलेली मोठी ताकद एका धक्क्यावर एकवटलेली होती आणि आता ती उरली नव्हती. पेटलेला कापूस, तेल आणि लाकूड आकाशातून वखारींवर आणि चाळींवर पडत होते.

मग अठ्ठावीस मिनिटे गेली. या मधल्या वेळाकडे कथनांत फारसे लक्ष दिले जात नाही. मला तर तोच सर्वांत क्रूर भाग वाटतो. या अठ्ठावीस मिनिटांत लोक स्फोटाच्या दिशेने धावले : आसपासच्या तळांवरचे सैनिक, नौसैनिक, बंदरावरचे कामगार, दुसऱ्या केंद्रांवरचे बंब. जहाजाचा मागचा अर्धा भाग पाण्यात होता आणि त्यातला दारूगोळा शाबूत होता. ४ वाजून ३४ मिनिटांनी तो उडाला. दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा उंच गेला आणि त्याने जळते अवशेष आणखी दूरवर, मांडवी आणि मशीद बंदरापर्यंत फेकले. आपल्या जागी सुरक्षित असलेली अनेक माणसे केवळ मदतीला आली म्हणून मेली, हे दोन स्फोटांमधल्या या अंतराने उघड होते.

त्या संध्याकाळपासून पुढचा आठवडा अग्निशमन दलासाठी कसा गेला हे दिवसागणिक सांगता येण्यासारखे नाही, पण त्याचा आकार दिसतो. शुक्रवारी रात्री व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोदी पेटलेल्या होत्या, त्यांतली जहाजे पेटलेली होती आणि गोदीभोवतीचा सुमारे आठशे मीटरचा पट्टा जळत होता. उरलेले बंब, साहाय्यक दल, सैन्य आणि नौदल यांनी मिळून आग शहराच्या आतल्या बाजूला सरकू नये म्हणून धडपड केली. मुख्य आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. म्हणजे सोमवार उजाडेपर्यंत झोप नाही. ज्या दलाने ६६ माणसे गमावली होती त्याच दलातली उरलेली माणसे हे तीन दिवस उभी होती. त्यांच्या विश्रांतीच्या पाळ्या कशा लावल्या गेल्या असतील याचा विचार केला की ६६ या आकड्याचे वजन निराळ्या तऱ्हेने कळते.

तीन दिवसांनंतरही काम संपले नाही. वखारींतले धान्य पोत्यांच्या थप्प्यांमध्ये धुमसत होते. धान्याची आगही कापसासारखीच असते. वरचा थर विझतो आणि आतून धूर येत राहतो, म्हणून थप्पी पाडून, पोते फोडून, पसरून भिजवावे लागते. पन्नास हजार टनांहून जास्त धान्य गेले. हा आकडा १९४४ च्या मुंबईसमोर ठेवून पाहावा. शहरात आदल्या वर्षीच रेशनिंग सुरू झाले होते आणि बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसे भुकेने मेली होती. जवानांना आपण काय विझवत आहोत हे पुरेपूर ठाऊक होते. धान्याचा काळाबाजार त्यानंतर वाढला.

ऐंशी हजारांहून जास्त लोक बेघर झाले. सहा हजार पेढ्यांना फटका बसला आणि पन्नास हजार माणसांचा रोजगार गेला. तेरा जहाजे नष्ट झाली. गोदीतला पाच लाख टन ढिगारा उचलून ती पुन्हा चालू करायला आठ हजार माणसे सात महिने राबत होती.

देशाबाहेर या घटनेची बातमी प्रथम सांगितली ती जपानी ताब्यातल्या सायगाव रेडिओने, १५ एप्रिलला. मुंबईतल्या बातमीदारांना ती पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकात ती २२ मेच्या अंकात आली. आग चालू असताना सुधीश घटक यांनी केलेले चित्रीकरण लष्कराने जप्त केले आणि त्यातला काही भागच नंतर वृत्तपटात दाखवला गेला. त्यामुळे १४ ते २० एप्रिल या आठवड्याचा समकालीन, खुला पुरावा जवळजवळ नाहीच. त्या जागी आहे तो नंतरच्या चौकशीचा पुरावा.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. घातपाताचा संशय सर्वत्र होता, कारण काळ युद्धाचा होता. आयोगाला घातपाताचा पुरावा सापडला नाही. आग अपघाताने, बहुधा कामाच्या वेळी ओढलेल्या सिगरेट-बिडीच्या ठिणगीने लागली असावी, या निष्कर्षावर तो आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठिणगीपाशी तो थांबला नाही. कापूस आणि दारूगोळा एकाच होल्डमध्ये रचणे, स्फोटकांचे जहाज गोदीत आत आणणे आणि आग लागल्यानंतर कुणीही ठोस निर्णय न घेणे, या गोष्टी त्याने मोजल्या. माझ्या मते अहवालाचे मोल इथे आहे. होल्डमध्ये बिडी ओढणाऱ्या अनामिक कामगारावर सारा भार टाकून मोकळे होणे सोपे होते, आणि स्टोन यांच्या आयोगाने ते केले नाही.

वर्दीचा जो दोष मुंबईत दिसला तो एकट्या मुंबईचा नव्हता. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचे ‘मोंब्लां’ जहाज पेटले. तिथला नवा मोटारबंब ‘पॅट्रिशिया’ धक्क्यावर पोचला आणि जहाज उडाले. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटीत अमोनियम नायट्रेट भरलेले ‘ग्रँडकॅम्प’ पेटले. ते खत आहे एवढेच ठाऊक असलेल्या तिथल्या स्वयंसेवी दलातले २८ पैकी २७ जवान गेले. मुंबईची घटना होऊन तेव्हा फक्त तीन वर्षे झाली होती. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरातल्या वखारीला आग लागल्याची वर्दी मिळाली आणि दहा जणांची तुकडी निघाली. आत काय साठवले आहे हे तिला कुणी सांगितले नव्हते. दहाही जण गेले. प्रत्येक वेळी मालाचा कागद कुठल्या ना कुठल्या कचेरीत होता.

भारतात १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो तो या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. मुंबई अग्निशमन दलाच्या भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी १४ एप्रिलला तिथे मानवंदना दिली जाते.

शेवटी मृतांच्या आकड्याकडे यावे लागते, कारण तिथे कागद एकमेकांशी भांडतात. एका हिशेबात मृत ७४० आणि त्यांत लष्करी ४७६ असे म्हटले आहे. दुसऱ्या हिशेबात गोदीच्या निरनिराळ्या सेवांमधले २३१ (यांतच अग्निशमन दलाचे ६६) आणि त्याशिवाय नागरिक पाचशेहून अधिक, असे आकडे येतात. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. ७४० मधून ४७६ लष्करी वजा केले तर २६४ उरतात आणि त्यांत २३१ अधिक पाचशे बसत नाहीत. उलट २३१ आणि पाचशेहून अधिक यांची बेरीज ७४० च्या अगदी जवळ येते. माझा तर्क असा की, ७४० हा मुळात लष्करी मृत सोडून उरलेल्यांचा आकडा असावा आणि पुढे कुणीतरी ४७६ त्याच्या पोटात घातले असावेत. ते वेगळे मोजले तर बेरीज बाराशेच्या पुढे जाते, आणि काही अंदाजांत येणाऱ्या तेराशे या आकड्याशी ती जुळू लागते. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. पण ‘सुमारे आठशे मृत’ असे निःशंकपणे छापणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

या साऱ्या हिशेबांत ६६ मात्र फारसे हलत नाही. अग्निशमन दलाला हजेरीपट असतो. कोण कामावर आला, कुठल्या गाडीवर बसला आणि परत आला नाही, हे त्या रात्री मोजता आले. जहाजावर आणि धक्क्यावर माल उतरवणारे कामगार टोळीवाल्यांमार्फत रोजच्या रोज उचलले जायचे. आज आलेला उद्या येईलच असे नव्हते, आणि न आलेल्याचा शोध घेण्याची जबाबदारी कुणावर नव्हती. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि त्याखाली मुंबईत योजना लागू झाली ती १९५१ मध्ये.